दिवाळे गाव, तिसरी भेट

नियम एकच : बोलायचं नाही.
मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं,
वहीत वेळ लिहायची,
आणि समोरचा माणूस अडला
की आपला हात आपल्याच मांडीखाली दाबून धरायचा.

समोर इंदुमती तांडेल.
मच्छीमार सोसायटीच्या हिशेबनीस.
डिझेलचा कोटा, बर्फाची उधारी,
एकोणचाळीस होड्यांची नावं तोंडपाठ.
संगणक ऐरोलीच्या कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेला,
आणि त्यावर आमचा डेस्कटॉप, फुकटचा, मोकळा,
रात्री जेवणं झाल्यावर कोपरखैरण्यात
मी ज्याचे स्क्रू पिळत बसतो तो.

पहिल्या भेटीत लिहिलं होतं :
प्रत्येक गोष्टीवर दोनदा टिचकी.
एकदा पुरते तिथेही दोनदा.
मग दोन खिडक्या उघडतात, त्यातली एक त्या मिटतात,
दारात आलेल्या विक्रेत्याला 'उद्या ये' म्हणावं तशी.
पेनड्राइव्ह काढायला गेल्या तर पाटी आली,
'आपण हे साधन अनारोहित करू इच्छिता काय?'
चष्मा पुसला. मोठ्याने वाचलं.
माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"कोनावर चढलाय यो?"
नियम मोडून हसलो.
शब्द माझाच होता,
सात वर्षांपूर्वी, पेपरात मार्क मिळावेत इतक्या जपून घडवलेला.

त्याच रात्री तो खोडला.
'पेनड्राइव्ह काढू का?'
एका ओळीचा बदल, तीन आठवड्यांचा वाद.
पुण्याचा एक भाषांतरकार म्हणाला, घरगुती वाटतं.
म्हटलं, वाटू दे.

त्याच झपाट्यात आम्ही 'जतन करा'सुद्धा उचललं,
तळातून वरच्या कोपऱ्यात नेलं.
हाताचा प्रवास अकरा सेंटिमीटरने कमी.
आलेख काढला होता मी त्याचा.

आज तिसरी भेट.
पडद्यावर खाली उजवीकडे, काचेला चिकटलेली
एक लाल टिकली. मखमली, मध्यम.
मागच्या वेळी मी ती पाहिलीच नव्हती,
की पाहिली आणि धूळ समजलो?
"सुनेला, खजिनदाराला, सगल्यांना सांगून ठेवलाय,
लाल टिकलीवर दाबायचा, हिसाब ऱ्हातो."
टिकलीखाली आता काहीच नव्हतं.
राखाडी. ओहोटीनंतरच्या चिखलासारखं सपाट.
आणि त्या राखाडीवर त्यांची टिचकी, दोनदा.
थांबून, परत दोनदा.

मला चार स्वातंत्र्यं पाठ आहेत :
चालवण्याचं, आत डोकावण्याचं, वाटण्याचं, बदलण्याचं.
माझ्या एका टी-शर्टच्या पाठीवर छापलेलीही आहेत.
पहिल्या दिवशी चहा येईपर्यंत
मी ती त्यांना जरा फुशारकीनेच ऐकवली होती.
त्यांनी लक्षात ठेवली असतील असं वाटलं नव्हतं.
"तुमचा तो बदलायचा हक कलला मना.
न बदलायचा हाय का कुनाला?"

बाहेर जेट्टीवर कुणी इंजिन चालू करून बघत होतं.
बंद पडत होतं. परत चालू.
वहीत वेळ लिहिली, ११.४०.
पुढे काही सुचेना.
आलेखातली रेघ चांगली वळणदार आली होती खरं तर.

बाईंनी नखाने टिकली उचकटली,
वर नव्या बटणाशी नेली. डिंक सुकला होता,
ती पडली, कीबोर्डच्या फटीत गेली.
मग पर्समधून पाकीट काढलं,
एक नवी लावली, अंगठ्याने दाबून धरली
जरा जास्तच वेळ,
आणि पाकिटात उरलेल्या मोजल्या.
"सहा हायत," म्हणाल्या.
"सहा वेला हलवा काय हलवायचा तो."